लघवी कमी, आणि रिपोर्टवर क्रिएटिनिन फक्त १.४

ही नमुना केस आहे, म्हणजे कुणा एकाची फाइल समोर ठेवून लिहिलेली नाही, पण मेडिसिन वॉर्डात ज्याने काही महिने काढलेत त्याला ती ओळखीची वाटेल कारण असे पेशंट सतत येत असतात. शरीरातला कचरा बाहेर कसा जातो हे शाळेपासून आपण अवयवांच्या यादीने शिकतो, फुप्फुसं हे टाकतात, किडनी ते टाकते, त्वचा घाम टाकते, झालं. पण यातल्या एकाने काम थांबवलं की बाकीच्यांची काय धावपळ होते आणि बाहेरून ते कसं दिसतं, हे त्या यादीतून कधीच कळत नाही. इथे ते पाच दिवसांत दिसतं.

पेशंट ६२ वर्षांच्या काकू, वजन ६० किलो. प्रेशरसाठी टेल्मिसार्टन, त्याच गोळीत क्लोरथॅलिडोन (लघवी वाढवणारं औषध, ज्याला लोक पाण्याची गोळी म्हणतात), आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन. किडनीचा त्रास कधीच नाही, महिन्याभरापूर्वीच्या रूटीन तपासणीत क्रिएटिनिन (रक्तातला एक कचरा जो किडनी काढते, साठला की आकडा वाढतो) ०.९. पहिल्या दिवशी जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या, अंग आणि गुडघे ठणकायला लागले म्हणून घरात असलेली डायक्लोफेनॅक सकाळ-संध्याकाळ घेतली. प्रेशरची गोळी एकही दिवस चुकवायची नाही हे इतकी वर्षं मनावर ठसलेलं की ती चालूच होती, मेटफॉर्मिनही चालू.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रक्त तपासलं. क्रिएटिनिन १.४, आणि खाली ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेला, किडनी किती गाळतेय त्याचा अंदाज) ४२ छापून आलेला. पाणी कमी पडलंय, ओआरएस घ्या, एवढं सांगून घरी पाठवलं. लघवी किती होतेय हे कुणी विचारलं नाही. सुनेला मात्र माहीत होतं की आई दिवसभरात दोनदाच बाथरूमला गेल्यात आणि लघवी गडद, थोडीशीच होतेय. तिसऱ्या दिवशी एकदा. चौथ्या दिवशी जुलाब जवळपास थांबले म्हणून घरच्यांना बरंच वाटलं, पण लघवी त्या दिवशी झाली की नाही हे नक्की कुणालाच सांगता आलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी काकू ग्लानीत, बोलावलं की ओ देतात आणि परत डोळे मिटतात, आणि श्वास जोरजोरात चाललाय.

इमर्जन्सीत आल्या तेव्हा मुलाचं पहिलं वाक्य हेच होतं, "डॉक्टर, आईला दम लागलाय." बीपी ८६/५४, नाडी १०८, श्वास मिनिटाला ३०, ऑक्सिजन ९८ टक्के. जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले. छातीत स्टेथो लावला तर दोन्ही बाजू एकदम स्वच्छ, एक्स-रेही नॉर्मल. म्हणजे फुप्फुसांत काहीही बिघाड नाही, ऑक्सिजन भरपूर आहे, आणि तरी बाई खोल, एका लयीत, न थांबता श्वास घेतायत. दम्याचा किंवा हार्टचा दम असा नसतो, त्यात माणूस श्वासासाठी धडपडतो, बसून पुढे वाकतो. इथे धडपड नव्हती, काकू आडव्या झोपलेल्या होत्या आणि छाती आपोआप मोठ्या पल्ल्याने वरखाली होत होती. हा श्वास बघायला शिकलं पाहिजे, कारण तो बघितला की रिपोर्ट यायच्या आधी निम्मं निदान हातात असतं.

झालं काय होतं ते ब्लड गॅसच्या तपासणीत दिसलं. पीएच ७.२३ (नॉर्मल ७.३५ ते ७.४५), बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातलं आम्ल मारणारा क्षार, ९ (नॉर्मल साधारण २४), कार्बन डायऑक्साइड २२ (नॉर्मल ४० च्या आसपास). म्हणजे रक्तात आम्ल साठलंय आणि फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड जास्तीत जास्त बाहेर फेकून पीएच सावरायचा प्रयत्न करतायत. बायकार्बोनेटला दीडने गुणून त्यात ८ मिळवले की कार्बन डायऑक्साइड किती असायला हवा त्याचा अंदाज येतो, इथे तो २१.५ येतो आणि काकूंचा २२, म्हणजे फुप्फुसं जेवढं करायला हवं तेवढं पुरेपूर करत होती.

तसं बघायला गेलं तर आम्लाचा सगळ्यात मोठा भार रोज फुप्फुसंच उचलतात. पेशी जे काही जाळतात त्यातून दिवसाला साधारण १५,००० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो श्वासावाटे जातो. किडनीच्या वाट्याला येतं ते त्यामानाने अगदी थोडं, वजनाच्या किलोमागे दिवसाला सुमारे १ मिलिमोल, म्हणजे काकूंसाठी ६० च्या आसपास. पण हे जे थोडं आहे ना, प्रोटीनमधल्या गंधकातून येणारं सल्फ्युरिक आम्ल वगैरे, ते वायू होऊन उडत नाही, त्याला लघवीशिवाय दुसरी वाटच नाही, आणि ते रोज साठत गेलं की तीन-चार दिवसांत बायकार्बोनेट खर्ची पडतं. फुप्फुसं कितीही जोरात चालली तरी ते आम्ल बाहेर काढू शकत नाहीत, फक्त वेळ मारून नेतात.

आकड्यांत अजून एक गंमतीशीर गोष्ट होती, ती सांगायलाच हवी. सोडियम १३२, क्लोराइड १०३, बायकार्बोनेट ९, म्हणजे अ‍ॅनायन गॅप (सोडियममधून बाकीचे दोन वजा करून उरणारा आकडा, आत अडकलेल्या आम्लाचा अंदाज देणारा) २०. नॉर्मल गॅप १० धरला तर १० ने वाढलाय, पण बायकार्बोनेट १५ ने उतरलंय. मग वरचे ५ कुठे गेले? जुलाबात. आतड्यातून जे पाणी गेलं त्याबरोबर बायकार्बोनेटही वाहून गेलं. म्हणजे एकाच बाईत दोन वेगळ्या कारणांनी रक्त आम्लधर्मी झालेलं, एकीकडे बायकार्बोनेट शरीराबाहेर चाललंय आणि दुसरीकडे आम्ल आतच अडकलंय. त्यात लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की साठणारं) ४.१ निघालं, बीपी इतकं खाली होतं त्याचा तो परिणाम होताच, पण मेटफॉर्मिनचाही हात असणार, कारण मेटफॉर्मिन शरीरात मोडत नाही, आहे तसंच किडनीतून बाहेर जातं आणि किडनी बंद तर तेही साठतं.

पण त्या सकाळी सगळ्यात जास्त घाई ज्याची होती ते पोटॅशियम. ६.८, नॉर्मलपेक्षा खूपच वर. जुलाब-उलट्यांच्या पेशंटमध्ये पोटॅशियम खरं तर कमी असायला हवं, आतड्यातून ते भरपूर जातं. ज्याला चार दिवस जुलाब झालेत त्याचं पोटॅशियम वाढलेलं दिसलं की समजायचं, बाहेर जायचा मुख्य रस्ता बंद आहे. खाण्यातून येणाऱ्या पोटॅशियमपैकी ९० टक्के किडनीतून जातं, आणि टेल्मिसार्टन अल्डोस्टेरॉन (किडनीला पोटॅशियम सोडायला लावणारं हॉर्मोन) कमी करून ते सोडणं अजून मंदावतं. ईसीजीत टी-लहरी उंच आणि टोकदार झाल्या होत्या. अशा वेळी युरियाचा आकडा किती ते नंतर बघितलं तरी चालतं, पोटॅशियमने हृदय थांबतं.

आता मूळ प्रश्न, किडनी बंद का पडली? नॉर्मल किडन्या, महिन्याभरापूर्वी ०.९, आणि सोनोग्राफीतही दोन्ही किडन्यांचा आकार नॉर्मल, कुठे खडा नाही, मूत्राशयात लघवी अडकलेली नाही.

हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो, मिनिटाला एक लिटरच्या वर. त्यातून मिनिटाला १२५ मिली, दिवसाला १८० लिटर पाणी गाळलं जातं, आणि त्यातलं ९९ टक्के परत आत घेतलं जातं. किडनी कचरा वेचून बाहेर टाकत नाही, ती आधी सगळंच बाहेर काढते आणि मग जे हवं ते परत घेते. युरिया, क्रिएटिनिन, आम्ल, जे परत घेतलं नाही किंवा पुढच्या नळीत मुद्दाम टाकलं ते लघवीत जातं. ही पद्धत वेडगळ वाटते खरी, पण तिचा फायदा असा की शरीराने आयुष्यात कधी न बघितलेलं औषध किंवा विषही पाण्यात विरघळत असेल तर बहुतेक वेळा बाहेर पडतं, त्याच्यासाठी वेगळी सोय लागत नाही. तोटा एकच. गाळायला प्रेशर लागतं. किडनीत गाळण्याचं काम करणाऱ्या केशवाहिन्यांच्या छोट्या गाठी असतात, त्यांच्यात पुरेसं प्रेशर नसेल तर किडनीची प्रत्येक पेशी ठणठणीत असूनही लघवीचा थेंब तयार होत नाही.

अंगातलं पाणी कमी झालं तरी हे प्रेशर टिकवायला किडनीकडे दोन युक्त्या आहेत. गाठीत येणारी रक्तवाहिनी प्रोस्टाग्लँडिन वापरून उघडी ठेवायची, आणि बाहेर जाणारी अँजिओटेन्सिन वापरून आवळायची. बागेतल्या पाइपचं तोंड अंगठ्याने दाबलं की मागे जोर वाढतो, तसं. आता काकूंनी काय घेतलं ते बघा. डायक्लोफेनॅकने प्रोस्टाग्लँडिन बंद, म्हणजे येणारी वाहिनी आकसली. टेल्मिसार्टनने अँजिओटेन्सिनचं काम बंद, म्हणजे जाणारी सैल पडली. आणि क्लोरथॅलिडोनने जुलाबातून उरलेलं पाणीही लघवीत घालवलं. यातली टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन ही जोडी एरवी काकूंसाठी चांगलीच औषधं होती, इतकी वर्षं त्यांनीच प्रेशर सांभाळलं. अंगात पाणी भरपूर असतं त्या दिवशी किडनीला या दोन युक्त्यांची गरजच पडत नाही, म्हणून त्या बंद केल्या तरी काही बिघडत नाही. पाणी आटलं त्या दिवशी गरज पडली आणि दोन्ही हात बांधलेले होते. म्हणून "ही गोळी किडनीला वाईट का चांगली" या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही, कुठल्या दिवशी घेतली ते आधी विचारावं लागतं.

लघवी तपासली तर सोडियम फक्त १२. म्हणजे किडनीच्या नळ्या जिवंत होत्या आणि सोडियमचा कण न कण परत ओढत होत्या, तेही पाण्याच्या गोळीचा अंमल असताना. मायक्रोस्कोपखाली मातकट कास्ट्स (नळ्यांत जमून त्यांच्याच आकाराचे झालेले तुकडे) नव्हते, जे नळ्यांच्या पेशी मेल्यावर दिसतात. ही फार चांगली बातमी होती. बीपी अजून एक-दोन दिवस तसंच राहिलं असतं तर याच नळ्या ऑक्सिजनवाचून मरायला लागल्या असत्या आणि मग बरं व्हायला आठवडे लागतात.

आता त्या १.४ बद्दल, कारण मला या केसमध्ये सगळ्यात जास्त तेच खटकतं. क्रिएटिनिन स्नायूंमधून रोज साधारण ठरावीक मात्रेत रक्तात येतं आणि किडनी ते काढून टाकते. किडनी जर या क्षणी पूर्ण थांबली तर पुढच्या क्षणी क्रिएटिनिन किती असेल? होतं तेवढंच. ते हळूहळू साठणार, दिवसाला साधारण १ ते १.५ ने वाढत जाणार, ज्याचे स्नायू कमी त्याचं अजून सावकाश. म्हणजे दुसऱ्या संध्याकाळी १.४ दिसलं तेव्हा किडनीचं काम अर्ध्यावर आलंय असं समजायचं नव्हतं, ते कदाचित दहा टक्क्यांवर आलेलं असेल आणि आकडा अजून वर चढायचा बाकी असेल. ईजीएफआर ४२ हा जो छापून आला तो फॉर्म्युला असं धरून चालतो की क्रिएटिनिन स्थिर आहे. आकडा चढत असताना त्या ४२ ला काहीच अर्थ नाही, पण छापलेला आकडा खरा वाटतो आणि लोक त्यावर विसंबतात. शिवाय १.४ म्हणजे आधीच्या ०.९ च्या दीडपटीहून जास्त, आणि २०१२ पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या केडीआयजीओच्या (किडनीच्या आजारांसाठी मार्गदर्शक सूचना काढणारी आंतरराष्ट्रीय संस्था) व्याख्येत एवढ्यावरच किडनीला अचानक इजा झाल्याची पहिली पायरी भरते. जुना रिपोर्ट शेजारी ठेवला असता तर दिसलं असतं. त्याच व्याख्येत दुसरा निकष आहे लघवीचा, किलोमागे तासाला अर्ध्या मिलीपेक्षा कमी लघवी, सलग सहा तास. काकूंच्या वजनाला ते तासाला ३० मिली. त्या निकषाला ना लॅब लागते ना पैसे, आणि सुनेकडे ती माहिती दोन दिवस आधीपासून होती.

अजून एक हिशोब मला कायम उपयोगी पडतो. रोजचा विरघळलेला कचरा आणि क्षार मिळून साधारण ६०० मिलिऑस्मोल (विरघळलेले कण मोजायचं माप) बाहेर टाकावे लागतात, आणि किडनी लघवी जास्तीत जास्त लिटरला १२०० पर्यंतच घट्ट करू शकते. म्हणजे कितीही काटकसर केली तरी दिवसाला अर्धा लिटर लघवी व्हायलाच हवी, त्याखाली गेलं की कचरा मागे राहायला सुरुवात होते. म्हणून ४०० मिलीच्या खालच्या लघवीला वेगळं नाव आणि वेगळी भीती आहे.

इमर्जन्सीतलं क्रिएटिनिन ३.८, युरिया १७४. युरिया त्यामानाने जास्त चढलेला, कारण अंगात पाणी कमी असताना किडनी पाणी परत ओढते आणि त्याच्याबरोबर युरियाही आत येतो, क्रिएटिनिन येत नाही. युरियाला उगाच विष म्हणतात. प्रोटीन मोडल्यावर जो अमोनिया सुटतो तो खरा मेंदूला घातक, आणि लिव्हर त्याचा युरिया बनवून तो पाण्यात सहज विरघळणारा आणि बराच निरुपद्रवी करून ठेवते. हे चक्र हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये मांडलं. काकूंची लिव्हर पाचही दिवस हे काम इमानदारीत करत होती, पुढचा दरवाजा बंद होता एवढंच. त्यांची ग्लानी एकट्या युरियाची नव्हती, कमी बीपी, आम्ल, आणि युरियाबरोबर साठलेले इतर शेकडो पदार्थ, सगळ्यांची मिळून होती.

उपचारांचा क्रम असा. सगळ्यात आधी शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट. याने पोटॅशियम एका पॉइंटनेही कमी होत नाही, हृदयाच्या पेशी फक्त तात्पुरत्या सुरक्षित होतात, अर्धा-एक तास मिळतो. मग इन्सुलिन आणि त्याच्याबरोबर ग्लुकोज, आणि सालब्युटामॉलचं नेब्युलायझेशन. ही दोन्ही पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलतात. आणि हे पक्कं लक्षात ठेवायचं की आत ढकललेलं पोटॅशियम शरीरातच असतं, काही तासांनी परत बाहेर येतं, तोवर किडनी सुरू झाली पाहिजे किंवा मशीन लावलं पाहिजे. बरोबरीने सलाईन, आणि तेही रिंगर लॅक्टेट. त्यात पोटॅशियम आहे म्हणून बरेच जण घाबरतात, पण ते आहे लिटरला ४, म्हणजे काकूंच्या ६.८ पेक्षा कमीच, आणि साध्या सलाईनमधलं क्लोराइड आम्ल अजून वाढवतं. कॅथेटर घातला तेव्हा ४० मिली गडद लघवी आली. टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन, डायक्लोफेनॅक, मेटफॉर्मिन, चारही बंद.

मुलाने विचारलं, "घाम काढून किंवा पोट साफ करून काही निघणार नाही का?" प्रश्न रास्त आहे. घामात थोडा युरिया असतो, पण ज्याच्या अंगात आधीच पाणी नाही त्याचा घाम काढणं म्हणजे आगीत तेल. आणि आतड्यातून जातं ते मुख्यतः लिव्हरने पित्तात सोडलेलं, बिलिरुबिन वगैरे, आणि युरिक आम्लाचा साधारण एक तृतीयांश हिस्सा. पोटॅशियम आणि आम्ल या दोघांना त्या रस्त्याने पुरेसं बाहेर काढता येत नाही.

डायलिसिसची तयारी करून ठेवली होती. नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फने १९४५ मध्ये ज्या पेशंटला पहिल्यांदा या मशीनने वाचवलं तीही ६७ वर्षांची बाई होती आणि तिचीही किडनी अशीच अचानक बंद पडलेली, बेशुद्धीतून ती शुद्धीवर आली आणि तिची स्वतःची किडनी नंतर सुरू झाली. अचानक बंद पडलेल्या किडनीत मशीनचं काम तेवढंच असतं, किडनी सावरेपर्यंत निभावून न्यायचं. इथे वेळ आली नाही. दोन लिटर गेल्यावर बीपी ११० च्या वर, दोन तासांनी पोटॅशियम ५.९, सहा तासांनी ५.३, आणि पाचव्या तासापासून लघवी तासाला ३०, मग ५०, रात्रीपर्यंत ७०. श्वास ३० वरून २० वर आला, काकूंनी स्वतःहून पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रिएटिनिन ३.९. मुलगा हबकला, आकडा वाढला म्हणून. पण ही तीच गोष्ट, उलट्या बाजूने. रात्रीत लघवी सुरू झालेली, माणूस जागा झालेला, पोटॅशियम खाली, आणि क्रिएटिनिन अजून कालची हकीकत सांगतंय. त्या दिवशी कागदावरच्या आकड्यापेक्षा कॅथेटरच्या पिशवीवर जास्त भरवसा ठेवायचा होता आणि तसाच ठेवला. पुढच्या दिवशी २.५, मग १.६, घरी जाताना १.१.

डिस्चार्जच्या वेळी गोळ्या एकदम सुरू केल्या नाहीत. मेटफॉर्मिन क्रिएटिनिन स्थिर झाल्यावर, टेल्मिसार्टन आठवड्याने पोटॅशियम बघून, पाण्याची गोळी बीपीला गरज वाटली तरच. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं की जुलाब, उलट्या किंवा खाणंपिणं बंद असेल तर त्या दिवसांत टेल्मिसार्टन, पाण्याची गोळी आणि मेटफॉर्मिन थांबवून फोन करायचा, नीट खायला-प्यायला लागल्यावर एक-दोन दिवसांत परत सुरू करायच्या, आणि डायक्लोफेनॅकच्या जातीतली कुठलीही पेनकिलर विचारल्याशिवाय घ्यायची नाही, दुखलं तर पॅरासिटामॉल. सुनेला वेगळं सांगितलं की आजारपणात दिवसभरातली लघवी मापाच्या भांड्यात मोजायची आणि अर्ध्या लिटरच्या खाली गेली तर रिपोर्टची वाट न बघता घेऊन यायचं. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन परत तपासायचं ठरलं, कारण आकडा खाली आला म्हणजे सगळे नेफ्रॉन परत आले असं नसतं, उरलेल्यांनी जास्तीचं काम अंगावर घेतलेलं असू शकतं आणि ते दिसायला तेवढा वेळ लागतो.